बोचकाऱ्याचे दप्तर

श्वानदंशाला आपल्या समाजात जी प्रतिष्ठा आहे, ती मार्जारनखाला नाही. कुत्रा चावलेला गृहस्थ डोंबिवलीच्या फडके रस्त्यावरून लंगडत निघाला, तर ओळखीचे-अनोळखी लोक थांबून त्याची आस्थेने विचारपूस करतात, भटक्या कुत्र्यांच्या बंदोबस्ताविषयी तिथल्या तिथे एक छोटीशी सभा भरते आणि त्या सभेचे अध्यक्षपद साहजिकच त्या जखमी पायाकडे जाते. परंतु मांजराने बोचकारल्याची फिर्याद घेऊन कोणी उभा राहिला, की ऐकणाऱ्याच्या मुद्रेवर प्रथम स्मित उमटते, आणि सहानुभूती आलीच तर ती मांजराच्या वाट्याला जाते.

आमच्या इमारतीत एक मांजरी आहे, जिचे नाव मालमत्तेच्या कोणत्याही उताऱ्यावर नसले तरी जिची वहिवाट तळमजल्यापासून गच्चीपर्यंत निर्वेध आहे. पहिल्या मजल्यावर ती मनी, दुसऱ्यावर चिंगी, आणि तळमजल्यावरच्या आजोबांच्या लेखी, ज्यांच्या दुधाचा तिला विशेष लोभ, नुसतीच ‘ती सटवी’. या मांजरीने आपल्या बाळंतपणासाठी आमचा माळा, आणि माळ्यावरील अनेक खोक्यांतून नेमके दिवाळी अंकांचे खोके पसंत केले. तिच्या वाङ्मयीन अभिरुचीची मला कल्पना नसल्यामुळे एक जुना अंक काढण्यासाठी मी अंधारात हात घातला, आणि माझ्या या चौकशीला तत्काळ व लेखी उत्तर मिळाले: मनगटापासून करंगळीपर्यंत तीन समांतर रेघा, पैकी तिसरी रक्ताने ठळक केलेली.

बातमी जिन्याने पसरली. “अहो, चुना लावा आधी, चुना!” असे शेजारच्या काकूंनी फर्मावले, त्यांच्या सूनबाईंचा कौल हळदीला होता, आणि वरच्या मजल्यावरील निवृत्त अव्वल कारकुनांनी लाल तिखट दाबून भरण्याची जी शिफारस केली, तिच्यात मला उपचारापेक्षा शिक्षेचा भाग अधिक वाटला. वैद्यकशास्त्र या तिन्ही अर्जांना एकाच शेऱ्याने निकालात काढते: हळद नको, चुना नको, तिखट नको, पट्टीसुद्धा नको, साबण लावावा आणि वाहत्या पाण्याखाली जखम पंधरा मिनिटे धुवावी. रेबीजच्या विषाणूवर चरबीचे पातळ कवच असते, आणि ते अगदी साध्या साबणानेही विरघळते, असे त्यामागचे शास्त्र. शास्त्र निर्दोष आहे. मात्र ‘पंधरा मिनिटे वाहते पाणी’ ही अट घालणाऱ्यांनी आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींचा सल्ला घेतलेला दिसत नाही. कल्याणच्या वेशीवरून उल्हास नदी बारमाही वाहते हे खरे, पण आमच्या नळात ती टाकीच्या चावीच्या मर्जीने अवतरते, आणि त्या दिवशी टाकी धुण्याचा मुहूर्त होता. शेवटी चिरंजीव पिंपातून तांब्या तांब्या पाणी ओतीत राहिले आणि मी तर्पणाला बसल्यासारखा हात पुढे करून घड्याळाकडे पाहत राहिलो. पंधरा मिनिटे हा किती दीर्घ काळ आहे, हे मला स्वयंपाकघराच्या मोरीत कळले.

यातली खरी गंमत अशी, की मांजराच्या ज्या गुणाचे आपण पिढ्यान्‌पिढ्या कौतुक करीत आलो, तोच येथे संशयाचे मूळ ठरतो. रेबीजचा विषाणू लाळेत असतो, आणि मांजर, स्वच्छतेच्या अतिरेकी आग्रहापायी, आपले पंजे अष्टौप्रहर चाटीत असते. तेव्हा नखाचा ओरखडाही डॉक्टर दंशाच्याच मापाने मोजतात.

घरातील वडीलधाऱ्यांचे चेहरे ‘रेबीज’ शब्दासरशी का उतरतात, हे समजण्यासाठी मात्र थोडे मागे जावे लागते. 1885 च्या जुलै महिन्यात लुई पाश्चर यांनी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पॅरिसमध्ये लस टोचून वाचवले; त्यानंतर हिंदुस्थानात कुत्रा चावलेल्या गोऱ्या सोल्जरांना उपचारासाठी बोटीने थेट पॅरिसला धाडीत, तो द्राविडी प्राणायाम 1900 साली कसौलीला पाश्चर संस्था निघाल्यावर संपला. त्याच कसौलीत पुढे डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस सिद्ध केली, तशी लस आमच्या परळच्या हाफकिन संस्थेतही तयार होत असे, आणि बेंबीभोवतीची ती चौदा इंजेक्शने आमच्या मागच्या पिढीच्या स्मरणात कायमची वस्तीला आली. ती लस विसाव्या शतकाबरोबर जवळजवळ संपली. तिची दहशत मात्र अद्याप निवृत्त झालेली नाही.

आता लशीचे काम दंडावर भागते. डोंबिवलीकरांना शास्त्रीनगर, कल्याणकरांना रुक्मिणीबाई, ठाणेकरांना कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, आणि मी ज्या दवाखान्यात रुजू झालो तेथील खिडकीवर माझी जबानी अशी नोंदली गेली: “कुत्रा की मांजर?” “मांजर.” “पाळीव की भटकं?” या प्रश्नावर मी वहिवाटीचा सगळा इतिहास सांगू लागताच कारकुनाने स्वतःच्या अखत्यारीत एक शब्द लिहून टाकला. डॉक्टरीणबाई शांत होत्या. मी हात घातला म्हणून ती चिडली, हा तिच्या बचावाचा मुद्दा त्यांनी ग्राह्य धरला नाही. चिडवलेले जनावर निर्दोषच असते असे नव्हे. रक्त न येता नुसते खरचटले असते तर दुसरी श्रेणी आणि केवळ लस. रक्त आले म्हणून तिसरी श्रेणी, आणि लशीबरोबर जखमेत टोचायचे इम्युनोग्लोब्युलिन. लस शून्याव्या, तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी, शिवाय धनुर्वाताचे एक इंजेक्शन. पिसवांमुळे मांजराच्या नखात बार्टोनेला नावाचा जंतूही असू शकतो, काखेत गाठ आली किंवा ताप भरला तर दाखवायला या, असे बजावून त्या म्हणाल्या, “आणि हो, काका, मांजरावर दहा दिवस लक्ष ठेवा.”

या दहा दिवसांत जे स्थित्यंतर माझ्यात झाले, ते कोणत्याही संतवचनाने घडवले नसते. मांजर वा कुत्रा दहा दिवस ठणठणीत राहिला, तर बोचकारताना वा चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे मानतात. म्हणजे ज्या प्राण्याने माझे रक्त काढले, त्याच्या दीर्घायुष्याची चिंता घरात सर्वांहून अधिक मलाच. तिने दूध टाकले की माझ्या पोटात गोळा येई. ती शिंकली की मी दरवाज्यात. त्यात मांजर आपली पिल्ले सात घरे फिरवते, ही आपल्याकडची लोकश्रुती तिने अक्षरशः पाळायची ठरवली, आणि जामिनावर सुटलेला हा आरोपी रोज पत्ता बदलू लागला. मी सकाळी हजेरी घ्यायला दुसऱ्या मजल्यावर जावे, तर कुटुंब तळमजल्यावर हललेले. तेथे आजोबांनी, आयुष्यात प्रथमच, स्वतःच्या बशीतले दूध तिला घातलेले. “तुमच्यासाठी घालतोय हो, तिच्यासाठी नव्हे,” असे ते म्हणत. काकू जिन्यातूनच ओरडून खबर देत, “खाल्लं हो तिनं!” मुदत संपली तेव्हा मांजरीची प्रकृती उत्तम होती, किंबहुना लठ्ठपणाकडे झुकलेली, सुया मात्र फिर्यादीच्याच वाट्याला आल्या होत्या.

ठाण्याच्या मेहुण्यांनी फोनवर जो विचार मांडला, तोच या प्रकरणातील सर्वांत घातक: “दहा दिवस बघायचंच आहे ना, मग तोवर लस कशाला?” मांजराच्या निकालाची वाट पाहायची ती लस सुरू करून, लस थांबवून नव्हे, कारण रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली, की माणूस बहुधा वाचत नाही. तेव्हा वाचकहो, नखाची रेघ कितीही बारीक असो, “मांजरच तर होतं” म्हणणाऱ्या हितचिंतकाला नम्रपणे नमस्कार करावा, हात साबणाने धुवावा, आणि त्याच दिवशी दवाखान्याची रिक्षा पकडावी.