थेट मेव्हणा!

असा एक गृहस्थ तुमच्याही आळीत असणारच. नव्या माणसाशी गाठ घालून दिली की तो नाव ऐकून घेत नाही, गाव विचारत नाही. डोळे बारीक करून नुसता बघतो आणि आपल्या घरातल्या कुणाचं तरी तोंड त्या परक्या मानेवर बसवून मोकळा होतो. साताऱ्यातले आमचे शेजारी नाना या जातीचे. एसटीत वाहक म्हणून जन्म काढला, अख्ख्या जिल्ह्याला तिकिटं फाडून दिली. पण त्यांच्या लेखी जगात माणसं दोनच, आक्का आणि मेव्हणा. त्यातही आक्का विरळा. बाकी सगळे मेव्हणे.

मेव्हण्याची कथा पेठेला पाठ आहे. बजाज चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, त्या काळात नानांना ती मिळाली. काकूंचा भाऊ 'जरा कोरेगावला जाऊन येतो' म्हणून घेऊन गेला, तो दिवाळी उलटल्यावर उगवला. मडगार्ड चेपलेलं, टाकीत पेट्रोलचा नुसता वास, आणि वर हा म्हणतो, "नाना, गाडीला जरा आवाज येतोय, दाखवून घ्या." हा मेव्हणा भांग मधोमध पाडायचा आणि सुपारी गालात धरून बोलायचा. झालं! तेव्हापासून साताऱ्यात मधला भांग किंवा गालातली सुपारी दिसली, की नानांचा हात आधी खिशातल्या किल्लीवर जातो.

बँकेत नवा कॅशियर आला. नानांनी त्याच्यादेखत नोटा तीनदा मोजल्या आणि माझ्या कानात म्हणाले, "थेट मेव्हणा!" दातांचा डॉक्टर भला माणूस. पण "पुण्यात एकदा दाखवून घ्या" असं तो बोलून गेला आणि नाना अर्धी कोरलेली दाढ घेऊन खुर्चीतून उठले. टीव्हीवर कुणी नवखा फलंदाज जोडीदाराला धावचीत करू दे, नाना गरजतात, "मेव्हणा! दुसऱ्याच्या जिवावर पळतोय!" आतून काकू ओरडतात, "माझ्या भावाचं तोंड सगळ्या गावाला चिकटवू नका हो!"

मग वरच्या खोलीत भाडेकरू आला. साधा, पोरसवदा, खाली मान घालून जाणारा. दुर्दैवाने मधोमध भांग. महिनाभरात नाना मला सांगू लागले, "परवा माझी गाडी मागायला आला होता." त्या पोराला गाडी चालवताच येत नाही, तो सायकलवर कचेरीत जातो. माझी चीड अशी, की नाना थापा मारत नव्हते. त्यांना ते खरोखरच आठवत होतं.

त्यांची नात पुण्यात मानसशास्त्र शिकते. तिला याचं काहीच नवल वाटलं नाही. सुझन अँडरसन नावाच्या अमेरिकन बाईंनी १९९०च्या दशकात असेच प्रयोग केले, म्हणाली. विद्यार्थ्यांकडून आधी त्यांच्या जवळच्या माणसाचं वर्णन घ्यायचं, पुढे एका परक्याच्या वर्णनात त्यातल्या चार गोष्टी पेरायच्या. मागाहून विचारलं, की परक्याबद्दल कधी न सांगितलेल्या गोष्टीही विद्यार्थी छातीठोकपणे आठवून सांगत, आणि त्या असत जवळच्या माणसाच्या. फ्रॉइडने तर १९०५ सालीच 'डोरा' या टोपणनावाने एका मुलीची हकीकत छापली होती. ती अकरा आठवड्यांत उपचार सोडून गेली. तिला छळणारा एक गृहस्थ ती आपल्यातच पाहत होती, हे आपल्या वेळेवर लक्षात आलं नाही, असं त्याने कबूल केलं.

नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हणजे त्या डॉक्टरला तिने मेव्हणा ठरवलं. भांग कसा होता त्याचा?"

पण मंडईबाहेर परळीकडची एक बाई मेथी घेऊन बसते, तिथे या माणसाचं काही वेगळंच होतं. एरवी कोथिंबिरीच्या काडीवरून भांडणारे नाना तिला भाव विचारत नाहीत, पिवळी पडलेली जुडीही मुकाट्याने पिशवीत टाकतात. ती पदर खोचते आक्कासारखा, एवढंच. आई गेल्यावर आक्काने शाळा सोडून नानांना वाढवलं. पहिल्या पगारात त्यांनी लुगडं घेतलं, ते नेसायला आक्का उरली नव्हती. आता दर भाऊबीजेला मेथीवालीला साडी जाते. हा म्हातारा आपल्याला साडी का देतो, हे तिला ठाऊक नाही. बहुधा ती त्यांना वेड्यात काढत असावी. हे काकूंनी मला सांगितलं, आणि त्या दिवसापासून नानांवर मनासारखं चिडता येत नाही, ही एक गैरसोयच झाली आहे.

गेल्या वर्षी एका लग्नात खरा मेव्हणा भेटला. डोक्याला तुळतुळीत टक्कल, त्यामुळे भांगाचा प्रश्न मिटलेला. दात गेले, सुपारीही गेली. नानांनी त्याला आग्रह करकरून जिलबी वाढली आणि परतताना मला म्हणाले, "किती निवळलाय हो! अगदी आमच्या आक्कासारखा." मूळ आरोपी असा जिलबी खाऊन निर्दोष सुटला. भाडेकरूला मात्र नळाची तोटी गळाली तरी जाब द्यावा लागे. शेवटी तो कंटाळून खोली सोडून गेला.

खोली अजून रिकामी आहे. हवा, उजेड छान, भाडंही वाजवी. बघायला जाणार असाल तर भांग डावीकडून पाडा, आणि गाडीबद्दल चकार शब्द काढू नका.