ईव्हीची रेंज : मोजणे, राखणे व पाहुण्यांना सांगणे

विद्युत मोटारीची रेंज चार प्रकारची असते : प्रमाणपत्रातली, पडद्यावरची, रस्त्यावरची आणि पाहुण्यांना सांगायची. पहिली सर्वांत मोठी, तिसरी सर्वांत लहान, आणि दुसरी या दोहोंच्या दरम्यान दिवसभर येरझाऱ्या घालते. चौथी सांगणाऱ्याच्या स्वभावावर अवलंबून असते. तरीही तिची तयारी आधी करावी, कारण गाडी दारात आल्यापासून पहिला महिनाभर मालकाला गाडी कमी चालवावी लागते आणि ‘एकदा चार्ज केली की किती जाते?’ याचे उत्तर जास्त द्यावे लागते.

प्रमाणपत्रातली रेंज रस्त्यावर मोजत नाहीत, रोलरवर मोजतात. ती प्रमाणित करणाऱ्या एआरएआय या १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेचे मुख्यालय पुण्यात वेताळ टेकडीवर आहे. चाचणीत मात्र टेकडी नसते. वारा नसतो, खड्डे नसतात, एसी बंद असतो आणि मागच्या सीटवर कोणी नसते. चाचणीची एक फेरी ११८० सेकंदांची आणि साधारण साडेदहा किलोमीटरची. म्हणजे सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास, आणि कमाल वेग ९०, तोही क्षणभर. अशा गाडीत बसून कोणी कुठे गेल्याची नोंद नाही. २०२० साली आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटांची आणि प्रमाणित रेंज ३१२ किलोमीटर होती. रोजच्या वापरात बहुतेकांना दोनशेच्या आगेमागे मिळत असे. २०२४ मध्ये कर्व्ह ईव्ही आली तेव्हा टाटा मोटर्सने मोठ्या बॅटरीच्या गाडीसाठी ५८५ हा चाचणीचा आकडा दिला आणि शेजारीच, खऱ्या वापरात ४०० ते ४२५ मिळतील असेही स्वतःच सांगितले. अभ्यासूंनी दोन्ही आकडे लक्षात ठेवावेत. पहिला पाहुण्यांसाठी, दुसरा स्वतःसाठी.

घाईत असलेल्याने बॅटरीच्या युनिटांना सहाने गुणावे. ४५ युनिटांची बॅटरी असेल तर हायवेला २७० किलोमीटर धरून चालावे. शहरात सातने, पाय हलका असल्यास साडेसातने गुणायला हरकत नाही. हा हिशेब गाडी विकत घेण्यापूर्वी केल्यास मन थोडे खट्टू होते, नंतर केल्यास घरात वाद होतो.

पडद्यावरच्या आकड्याविषयी गैरसमज फार. तो बॅटरीत काय उरले आहे एवढेच पाहत नाही. चालकाने आत्ताआत्तापर्यंत गाडी कशी हाकली तेही पाहतो. कालच्या पावसावरून यंदाचे पीकपाणी सांगणाऱ्या शेजाऱ्यासारखी त्याची रीत असते. त्यामुळे घाट चढताना तो हवालदिल होतो आणि उतरताना उधळतो. चालकाने किलोमीटर झाकून फक्त टक्के पाहावेत. टक्क्यांनाही मोह होतो, पण कमी.

आता रोजचे जाणे-येणे. कोथरूडहून हिंजवडीला कामाला जाणाऱ्याचे दिवसाला ३५-४० किलोमीटर होतात, म्हणजे सहा युनिटांच्या आत. घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर तेवढी वीज दोन तासांत भरून निघते. अशा माणसाने आठवड्यातून दोनदा चार्जिंग लावले तरी पुरते. तरीही तो रोज रात्री चार्जिंगची गन लावतो, पहाटे उठून १०० टक्के झाले का पाहतो आणि ऑफिसात पोचल्यावर ‘फक्त सात टक्के गेले’ असे ग्रुपवर टाकतो. हे सारे निरुपद्रवी आहे. सवय सुटायला साधारण पहिला पावसाळा जावा लागतो.

शहरात चिंता करायचीच असेल तर ती वाहतूककोंडीची करू नये. पेट्रोलच्या गाडीत कोंडी इंधन खाते. इथे मोटार थांबली की तिचे खाणे थांबते. चालू राहतो तो एसी, आणि तो किलोमीटरवर नव्हे तर तासावर पैसे घेतो. ऐन उन्हाळ्यात सुरुवातीला गाडी गार करताना जास्त, पुढे तासाला साधारण एक युनिट. ताशी २० किलोमीटरने रखडणाऱ्या गाडीचे त्या एका युनिटात २० किलोमीटरच झालेले असतात, म्हणून शहरात एसी महाग वाटतो. हायवेला तोच एसी तेवढ्याच युनिटात ८० किलोमीटर सोबत येतो. तरी ४५ युनिटांच्या भरल्या बॅटरीवर उभ्या गाडीचा एसी दीड दिवस सहज चालेल, आणि तोवर भूमकर चौक मोकळा होतो. कित्येक चालक एसी चालू ठेवून गाणी बंद करतात. गाण्यांना वीज लागतच नाही म्हटले तरी चालेल; पण काहीतरी त्याग केल्याचे समाधान मिळते, म्हणून ही प्रथा टिकून आहे.

सोसायटीत पार्किंगपर्यंत वायर नेण्याची परवानगी हा विषय रेंजचा नाही, आयुर्मानाचा आहे. तो येथे सोडून दिला आहे.

लांबच्या प्रवासात मात्र हिशेब पक्का हवा, आणि बेहिशेबीपणा नेमका तिथेच होतो. पहिला धडा बोरघाटाचा. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत सुमारे साडेपाचशे मीटरची चढण आहे. माणसे आणि सामान धरून १७०० किलोची गाडी तेवढी उंच उचलायला अडीच युनिटे लागतात. हा न्यूटनचा दर आहे, त्यात सवलत नाही. मोटारीतली गळती धरून ती तीन होतात, म्हणजे सपाटीवरचे जवळजवळ २० किलोमीटर घाटातच जास्तीचे खर्ची पडतात. नवा चालक हे पाहून बोगद्यात घामाघूम होतो, बॅटरीत खोट आहे असे ठरवतो आणि तेवढ्यासाठी एसी बंद करून बाकीच्यांनाही घामाघूम करतो. त्याने पुण्याहून परत येईपर्यंत धीर धरावा. उतारावर ब्रेकऐवजी मोटारच जनित्र होऊन वीज बनवते, आणि चढताना गेलेल्यापैकी निम्म्याहून थोडी अधिक परत पदरात पडते. खोपोलीला उतरेपर्यंत टक्के वाढलेले दिसतात. त्या वेळी गाडीतल्यांना झोपेतून उठवून पडदा दाखवण्याची पद्धत आहे.

या उत्पन्नावर भरवसा ठेवून एक चूक मात्र करू नये. लोणावळ्यात रात्री मुक्काम करून बॅटरी पूर्ण १०० टक्के भरून सकाळी घाट उतरायला घेणाऱ्याला परतीची वीज मिळत नाही, कारण ती ठेवायला जागा नसते. शिवाय पाय उचलल्यावर गाडी आपोआप मंदावण्याची जी सवय जडलेली असते, ती त्याच दिवशी मोडते. लोणावळ्यात ८५-९० टक्के पुरे. उरलेल्या वेळात चिक्की घ्यावी.

दुसरा धडा वेगाचा. हवेचा अडसर वेगाच्या वर्गाने वाढतो : वेग दीडपट, अडसर सव्वादोनपट. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२०ची मुभा आहे, आणि मुभा म्हणजे आज्ञा असे समजणारे पुष्कळ. ९०ने गेल्यास ४५ युनिटांत ३०० किलोमीटर अगदी काठावर होतात. १२०ने सव्वादोनशेला गाडी चार्जर मागू लागते. तीनशे किलोमीटरला १२०ने जाणारा पन्नास मिनिटे वाचवतो. त्यातली निम्मी चार्जरवर जातात आणि उरलेली, आधीच गन लावून जेवायला गेलेल्या कुटुंबाची वाट पाहण्यात. पेट्रोलचे सारथी मागून दिवे मारतील. ९०ने जाणाऱ्याने डावी लेन धरून निवांत असावे.

चार्जरवर पोचल्यावर काय करावे याचा क्रम ठरलेला आहे. आधी चार्जर चालू आहे का ते पाहावे. ॲपमध्ये ‘उपलब्ध’ दिसणे आणि उपलब्ध असणे यांत अंतर असते. मग त्या कंपनीचे ॲप उतरवून घ्यावे, नंबर टाकावा, ओटीपीसाठी मोबाइलला रेंज येते का ते फोन डोक्यावर धरून तपासावे (या ठिकाणी ‘रेंज’ या विषयाचे दुसरे प्रकरण सुरू होते) आणि वॉलेटमध्ये पैसे भरावेत. प्रत्येक वॉलेटमध्ये पन्नास-साठ रुपये कायमचे राहतात, ते देवस्थानाला दिले असे समजावे. ६० किलोवॅट लिहिलेल्या दोन गनच्या चार्जरवर दुसरी गाडी येऊन लागली की बहुधा प्रत्येकाच्या वाट्याला तीसच येतात. तेव्हा आलेल्याकडे हसून पाहावे, गन लावून होईपर्यंत बोलण्यात गुंतवू नये. तो शेवटी लावणारच. ८० टक्क्यांनंतर वेग घसरतो आणि शेवटच्या वीस टक्क्यांना आधीच्या पन्नासांएवढा वेळ लागू शकतो. म्हणून ८०ला गन काढून जागा मोकळी करावी. रांगेतला माणूस दुवा देतो; तो मागेच बसला असेल तर आणखी काही देण्याआधी काढावी.

कोकणात घरी जाणाऱ्यांनी मुक्कामाच्या विजेवर भिस्त ठेवायला हरकत नाही. रात्रभरात साध्या १५ अँपिअरच्या पॉइंटवर तीस युनिटे भरतात. अडचण अर्थिंगची. जुन्या घरात पंखा, मिक्सर, टीव्ही वर्षानुवर्षे अर्थिंगशिवाय सुखाने चाललेले असतात, पण गाडीचा चार्जर तोंड लावताच लाल दिवा दाखवून बसतो. घरच्यांना हा गाडीचा दोष वाटतो. अशा वेळी वाद न घालता मागील दारी अर्थिंगचा खड्डा शोधावा. तो अबोलीच्या नाहीतर अळवाच्या खाली सापडतो. मे महिन्यात तो कोरडा ठणठणीत असतो. त्यात दोन बादल्या पाणी ओतल्यावर पुष्कळदा दिवा हिरवा होतो. नाही झाला तर वायरमनला बोलवावे आणि तोवर चहा घ्यावा. लांबलचक साधी एक्स्टेन्शन वायर खिडकीतून अंगणात आणू नये; आठ-नऊ तास १५ अँपिअर सोसायची तिची तयारी नसते आणि प्लग वितळतो.

राहता राहिले विजेचे पैसे. घरगुती बिलात शंभर युनिटांची पायरी ओलांडली की पुढच्या युनिटांचा दर चढतो, त्यामुळे चार रात्रींच्या चार्जिंगने कोकणातल्या काकांचे बिल सरळ वरच्या पायरीवर जाते. काका पैसे घेत नाहीत. विचारले तर रागावतात. पैसे घरातल्या लहान मुलाच्या हातात खाऊसाठी म्हणून द्यावेत. लहान मूल नसल्यास काकूंकडे द्यावेत, काका विहिरीवर गेलेले असताना.