महिनाभर काही न करणारे पाहुणे

“बाई, तुम्ही शाळेत चित्रकला शिकवलीत ना? मग मला एक सांगा. माणूस पुण्या-मुंबईहून वेळणेश्वरला येणार, महिनाभर राहणार, दोन वेळा जेवणार, समुद्र बघणार, आणि जाताना काही करून दाखवलंच पाहिजे असंही नाही. हे काम झालं की हवापालट?”

असा काही प्रश्न पडला की काकू गडग्याशी येतात. आमच्या दोन घरांमधला जांभ्याचा गडगा कमरेइतकाच आहे. त्यावर सुपारीचं सूप, ताकाची बरणी आणि गावातली बातमी, तिन्ही ठेवता येतात. आजची बातमी घरचीच होती. त्यांच्या दिरांच्या वाट्याच्या घराला गणपती आटोपले की कुलूप लागतं, ते थेट मे महिन्यात निघतं. आता ठाण्याच्या पुतण्याचा फोन आला होता. घर नुसतं वाळवीच्या तोंडी देण्यापेक्षा तिथे कलाकारांची रेसिडेन्सी करू, म्हणाला.

“इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं खोल्या विचारत होती तेव्हा नको म्हणाला,” काकू सुपारी निवडता निवडता म्हणाल्या. “ती भाडं तरी देत होती. हे कलाकार देतात का?”

मेख तिथेच आहे, मी म्हटलं. काही ठिकाणी संस्था अर्ज मागवते, कामं बघून निवड करते, राहणं-जेवण देते, वर थोडं मानधनही. काही ठिकाणी कलाकारच पैसे भरून राहतो. ही दुसरी तऱ्हा म्हणजे आपलं होमस्टेच, फक्त खोलीत एक ईझल जास्त. पुतण्याच्या मनात कोणती आहे ते आधी विचारा, म्हणजे पुढचं बोलणं सोपं.

“तो म्हणतो, त्यांना शांतता हवी. शांतता द्यायला इतकं काय लागतं? इथे दुपारी दोन वाजता झावळ पडली तरी अख्ख्या वाडीला कळतं.”

मग मी त्यांना अमेरिकेतली गोष्ट सांगितली. एडवर्ड मॅकडॉवेल म्हणून एक संगीतकार, त्याची बायको मॅरियन पियानो वाजवणारी. न्यू हॅम्पशायरमधल्या पीटरबरो गावाजवळ त्यांचं शेत होतं. १९०७ साली तिथे त्यांनी कलाकारांना राहायला बोलवायची प्रथा घातली. नवरा लगेच पुढच्या वर्षी गेला, पण बाईनं ते कित्येक दशकं चालवलं. रानात सुट्या सुट्या झोपड्या, एकेकीत एकेक लेखक नाही तर चित्रकार. दुपारचं जेवण टोपलीत घालून झोपडीच्या दाराशी ठेवतात. हाक मारत नाहीत, दार वाजवत नाहीत. आतल्याच्या हातात काही चाललेलं असेल तर ते मोडू नये म्हणून.

काकूंच्या हातातली सुपारी हातातच राहिली. “हाक नाही? सोवळ्यातल्या नैवेद्यासारखं नुसतं ठेवून यायचं? आणि मांजरानं नेलं तर?”

“ते ज्याचं त्यानं बघायचं.”

“आणि जाताना काही ठेवून जातात का?”

झोपडीत लाकडी फळ्या असतात, त्यांवर प्रत्येक जण आपलं नाव नि साल लिहून जातो, मी म्हटलं. त्यावर काकू हसल्या. त्यांच्या माजघराच्या दारामागे तीन पिढ्यांच्या पोरांनी उंचीच्या रेघा आणि नावं ओरखडलेली आहेत. त्यातल्या एकानेही पुढे काही रचलं नाही, हे त्यांचं म्हणणं.

पण काकूंचं खरं म्हणणं वेगळं होतं. कलावंताला मुक्कामाला ठेवायचं हे काही पुतण्यानं शोधून काढलेलं नाही. उत्सवाला कीर्तनकार येतात ते कुणाच्या तरी ओटीवरच उतरतात. आज ह्या घरी जेवण, उद्या त्या घरी. शिमग्याला नमनाची मंडळी फिरतात, त्यांच्यातला संकासूर कुणाच्याही खळ्यात येऊन पाणी मागतो. “फरक एवढाच,” काकू म्हणाल्या, “की बुवा रात्री देवळात उभे राहतात. गाव जेवण घालतं आणि कीर्तन घेतं. देणं-घेणं तिथल्या तिथे मिटतं. तुमच्या ह्या पाहुण्याकडून गावानं काय घ्यायचं?”

हा प्रश्न मला भल्या भल्या माणसांनी विचारलेला नाही. त्याची उत्तरं मात्र ठिकठिकाणी वेगवेगळी निघाली आहेत. काकूंना अमेरिका लांब पडते, म्हणून मी त्यांना सुपारीच्या वाटेनं कर्नाटकात नेलं. शिमोगा जिल्ह्यात सागर तालुक्यात हेग्गोडू नावाचं गाव आहे. आपल्यासारखंच सुपारीचं, पावसाचं. तिथे १९४९ साली नीळकंठेश्वर नाट्यसेवा संघ सुरू झाला, सगळे त्याला नीनासम म्हणतात. के. व्ही. सुब्बण्णा हा माणूस स्वतः सुपारीचा बागायतदार. त्यांनी गावातल्या माणसांना जगभरचे सिनेमे दाखवले, सत्यजित राय दाखवला, जपानचा कुरोसावा दाखवला. १९८० साली नाटकाची शाळा काढली. १९८५ पासून ‘तिरुगाट’ ही फिरती नाटकमंडळी दरवर्षी कर्नाटकभर नाटकं घेऊन जाते. १९९१ साली सुब्बण्णांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बाहेरचे लोक तिथे शिबिराला येऊन राहतात, चर्चा करतात, आणि रात्री नाटकाला बसतात तेव्हा शेजारच्या खुर्चीत गावातलाच कुणी तरी असतो.

“मग त्यानं सुपारी कधी वाळवली?”

“वाळवली असणारच. मॅगसेसेवर बाग शिंपली जात नाही.”

काकूंना हे पटलं. बागायतदार माणूस म्हटल्यावर त्यांचा निम्मा विरोध तिथेच गळला. मला हेग्गोडूचं कौतुक वेगळ्या कारणासाठी वाटतं. तिथे गावाला आधी प्रेक्षक केलं, मग पाहुणे बोलावले. आपल्याकडे आधी वेबसाइट होते, मग खोल्या, आणि गावाला कळतं ते रिक्षावाल्याकडून.

“पण ते कानडी. आपल्याकडचं काय?”

आपल्याकडे पिंगुळी आहे की, मी म्हटलं. कुडाळजवळ. ठाकर समाजातले परशुराम गंगावणे, कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथीवाले. घरच्या गुरांच्या गोठ्याचं त्यांनी कलाअंगण केलं, त्यात जुन्या पोथ्या, चामड्याच्या बाहुल्या, वाद्यं मांडली. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तिथे बाहेरचा माणूस जातो तो शिकायला जातो, घरमालकच कलावंत असतो. आमच्या कॉलेजातून कितीतरी जण शहरातून गावाकडे ‘प्रेरणा’ घ्यायला गेले, पण कुणाच्या पायाशी बसून बाहुलीचा दोरा धरायला शिकले असतील तर फार थोडे. (प्रेरणा हा शब्द अर्जात लिहायला सोपा पडतो. मी तो शिफारसपत्रात कित्येकदा वापरला आहे.)

“गोठा,” काकू म्हणाल्या. “दिरांकडेही आहे एक. रिकामाच.”

मग पारडसिंगा. मध्य प्रदेशात पांढुर्णा जिल्ह्यात (२०२३ पर्यंत छिंदवाडा), पण सौंसर तालुक्यातलं, नागपूरला लागून, म्हणून बोली मराठीच्या वळणाची. नागपूरच्या शिल्पकार श्वेता भट्टड तिथे राहून ‘ग्राम आर्ट प्रोजेक्ट’ चालवतात. शेतात पिकं उगवून अक्षरं काढली, चित्रं काढली. पण काकूंना शेतातल्या अक्षरांपेक्षा राखीची गोष्ट जास्त आवडली. देशी कापसाचं हातानं काढलेलं सूत, त्यात बिया गुंफलेल्या. राखी सुटली की मातीत पुरायची. गावातल्या बायका ती बनवतात आणि त्यांना त्याचे पैसे मिळतात.

“हे बरं आहे. बायकांना पैसे मिळतात ना, मग बरं.”

मी हंड्याची गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली होती. बस्तरमध्ये कोंडागावला मुंबईच्या नवज्योत अल्ताफ १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथल्या आदिवासी कलाकारांबरोबर काम करत राहिल्या. त्यांत राजकुमार कोर्राम, शांतिबाई ही मंडळी होती. ह्या सगळ्यांनी मिळून काय केलं, तर गावातल्या हातपंपाभोवतीची जागा नव्यानं बांधली. ‘नलपार’ म्हणतात त्याला. पंपाभोवती चिखल व्हायचा, पाणी भरायचं ते वाकून आणि भरलेला हंडा उचलायचा तोही जमिनीवरून. त्यांनी कट्टे अशा उंचीचे बांधले की हंडा आधी कट्ट्यावर ठेवायचा आणि तिथून थेट कमरेवर नाही तर डोक्यावर घ्यायचा. सांडलेलं पाणी वाहून जायला वाट, आणि भोवतीच्या भिंतींवर त्यांच्या त्यांच्या खुणा, आकृत्या.

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांच्या गुडघ्यांनी चाळीस वर्षं विहिरीवरून पाणी आणलंय. मग म्हणाल्या, “हे चित्रकारानं केलं?”

“चित्रकारानं आणि गावातल्यांनी. बसून, भांडून.”

“आपल्या ग्रामपंचायतीला सुचलं नाही ते.”

आता हे सांगायला नको होतं खरं, पण गडग्यावर अर्धी बातमी ठेवून जाता येत नाही. मी त्यांना जनगढसिंह श्याम ह्याचंही सांगितलं. मध्य प्रदेशातल्या पाटनगढचा गोंड तरुण. चित्रकार स्वामीनाथन ह्यांनी त्याला भोपाळला भारत भवनात आणलं, आणि आज ज्याला सगळे गोंड चित्रकला म्हणून ओळखतात तिचं हे रूप मुख्यतः त्याच्या हातून घडलं. तो जपानमधल्या एका संग्रहालयात असाच मुक्कामी चित्रं काढायला गेला होता. मुक्काम लांबत गेला. त्याला घरी परतायचं होतं, असं तेव्हा छापून आलं. २००१ साली त्यानं तिथेच जीव दिला. चाळिशीही गाठली नव्हती.

“एकटाच होता?”

“भाषा येत नसेल तर माणूस चार माणसांतही एकटाच.”

“मग बाई, ते टोपलीचं काही खरं नाही,” काकू ठामपणे म्हणाल्या. “दाराशी जेवण ठेवायचं आणि हाक मारायची नाही, हे आपल्याकडे नको. आज पानात काय उरलं ते बघितल्याशिवाय माणूस बरा आहे की नाही ते कळतं का?”

मॅरियन मॅकडॉवेलबाईंनाही हे कळत असणार. रात्रीचं जेवण तिथे सगळे एकत्रच घेतात. पण ते मी काकूंना सांगितलं नाही, कारण त्यांना आता अटी सुचायला लागल्या होत्या आणि त्या ओघात अडथळा आणणं बरं नव्हतं.

पहिली अट कौलांची. पावसाआधी शाकारणी झाल्याशिवाय कुणालाही आत घ्यायचं नाही, मग तो पद्मश्री असो. इथे मी माझी भर घातली. खाऱ्या वाऱ्यात आणि जून-जुलैच्या दमट हवेत जलरंगाचा चांगला कागद आठवड्यात ठिपके धरतो, त्याच्यावरची खळ जाते आणि रंग टिपकागदावर पडावा तसा शोषला जातो. तेव्हा एक कपाट हवं, त्यात दिवा लावून ठेवायला हवा, आणि वीज गेली की काय करायचं ते आधीच ठरवायला हवं. मासळीचं काय, हा काकूंचा प्रश्न. ते आपसांत ठरवतील, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, ठरवतील, पण भांडी दिरांची आहेत. स्वयंपाक वाडीतल्या बायकांकडे, आणि त्याचे पैसे पुतण्याच्या खात्यातून नाही, थेट त्यांच्या खात्यात. पारडसिंग्याचा धडा काकूंनी बरोबर घेतला होता.

“आणि सगळे बाहेरचेच का?” मी विचारलं. सावर्ड्याला आणि देवरुखला चित्रकला शिकवणारी कॉलेजं आहेत. तिथून बाहेर पडलेली पोरं मुंबईत भाड्याच्या खोलीत जाहिरातींची कामं करतात आणि गावी आली की मोबाइलवर समुद्राचे फोटो काढतात. तवसाळला फेरीबोटीत बसून जयगडला उतरलं की मालगुंड फार लांब नाही. तिथे केशवसुतांचं घर स्मारक म्हणून जपलंय, लोक बघून येतात, पण कविता लिहिणाऱ्या इथल्या पोराला महिनाभर बसायला खोली कुठे आहे? नमनातला मृदंगवाला वर्षातले दहा महिने गवंडीकाम करतो. त्याला महिनाभर नुसतं वाजवायला मिळालं तर काय वाजवेल, हे आपल्यापैकी कुणालाच ठाऊक नाही, त्यालाही नाही. चार खोल्यांपैकी एक तरी तालुक्यातल्या माणसाला राखून ठेवायची, आणि त्याची मजुरी बुडते तेवढं मानधन त्याला द्यायचं. पुतण्या हे मान्य करणार असेल तर मी फुकट शिकवायला येईन, नसेल तर ते होमस्टेच आहे आणि त्यानं तसा बोर्ड लावावा.

काकू सूप घेऊन उठायला निघाल्या होत्या, त्या पुन्हा टेकल्या.

“बाई, आणि महिनाभर नुसतं बसायला मिळालं तर बायकांनी काय करायचं?”

“म्हणजे?”

“म्हणजे मला. लग्नाआधी मी भिंतीवर काढायची. शेणानं सारवून पिठानं. माझ्या आईकडे होतं तसं. इथे आले आणि राहिलं. आता हाताला ओळी येतात का बघायला हवं.” त्या जरा लाजल्या, मग लगेच सावरल्या. “पण घरी राहून नाही होणार. घरी असलं की कुणी ना कुणी चहा मागतं.”

“मग घाला अर्ज.”

“मे महिन्यात नाही, तेव्हा आंबे नि पाहुणे. गणपतीत नाही. आषाढात. तेव्हा कुणी येत नाही, तुमचे शहरातले कलाकारही यायचे नाहीत, सगळ्यांना कोरडा समुद्र हवा. पुतण्याला मी आजच सांगते, आषाढाची खोली माझ्या नावावर. दिरांचं घर म्हणजे चाळीस पावलांवर, पण तिकडे गेले की मी गावी नाही असं समजायचं.”

“आणि जेवण?”

“ते तुम्ही आणून ठेवायचं. दाराशी.”

“हाक मारून की न मारता?”

“मारून,” काकू म्हणाल्या. “आणि दोन मिनिटं थांबून. काय काढलंय ते विचारायचं नाही, पण गावात काय चाललंय ते सांगायचं.”