खर्चिक माणूस नावाची अफवा

जोडीदाराला काटकसरीला कसं लावायचं, असं विचारणारा माणूस दोन गोष्टी गृहीत धरून चाललेला असतो. एक, आपण काटकसरी आहोत. दोन, समोरचं माणूस उधळं आहे. माझ्या मते पुरावे मागितले तर दोन्ही गोष्टी टिकत नाहीत. मराठी मध्यमवर्गीय घरात निव्वळ खर्चिक माणूस सापडणं कठीण. दोन खोल्यांतले पंखे चालू ठेवून गॅलरीत पेपर वाचत बसणारा नवरा टूथपेस्टची ट्यूब आधी लाटण्याने लाटतो, मग कात्रीने मधोमध कापतो आणि आत ब्रश फिरवून आणखी चार दिवस काढतो. सेल लागला म्हणून सातवा कुर्ता घेणारी बायको दुधाची पिशवी विसळून ते पाणी चहाच्या आधणात ओतते, पिशवी ओट्यामागच्या टाइलला चिकटवून वाळवते आणि रद्दीवाल्याच्या काट्यावर गठ्ठा ठेवून वर त्याच्याशी हुज्जत घालते. काटकसर दोघांकडेही आहे, खाती तेवढी वेगळी. आपल्या खात्यातली ती काटकसर आणि दुसऱ्याच्या खात्यातला तो चिक्कूपणा, ही वाटणी मात्र लग्नानंतर कुणी न सांगता होते.

हे निव्वळ ओट्याजवळचं तत्त्वज्ञान नाही. माणूस पैशाची मनातल्या मनात वेगवेगळी खाती पाडतो आणि प्रत्येक खात्याला वेगळा न्याय लावतो, हे रिचर्ड थेलर यांनी मांडलं; त्यांना २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. स्कॉट रिक, डेबोरा स्मॉल आणि एली फिंकेल या अमेरिकी संशोधकांनी २०११ साली त्याहून मजेशीर गोष्ट दाखवली. हात आखडणारी आणि हात सैल सोडणारी माणसं एकमेकांशीच लग्न करण्याकडे झुकतात, कारण दोघंही आपापल्या स्वभावावर नाराज असतात. पुढे पैशावरून खटके उडतात तेही अशाच जोड्यांत जास्त. आपल्याकडे पत्रिका बघताना ३६ गुण मोजतात, त्यात हा गुण धरत नाहीत; मग त्याचा छत्तीसचा आकडा व्हायला कितीसा वेळ लागणार?

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की ‘हे तुमच्याकडे असेल, आमच्याकडचं माणूस खरंच उधळं आहे.’ अशांनी ८ नोव्हेंबर २०१६ची रात्र आठवावी. पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि तूरडाळीच्या डब्यांतून, साड्यांच्या घड्यांतून, देवघराच्या खणातून असा काही पैसा बाहेर आला, की आयुष्यभर ‘तुझा हात फार सैल’ म्हणणारे नवरे गप्पच झाले. ज्यांना उधळ्या म्हटलं त्यांचीच शिल्लक निघाली. त्यांनी ती सांगितली नव्हती, एवढंच. आणि सांगितली नव्हती म्हणूनच ती शिल्लक राहिली होती.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ‘पिशव्या धुऊन कुणाचे बंगले झालेत?’ कुणाचेच नाहीत, कबूल. क्रेडिट कार्डाची थकबाकी महिना तीन टक्क्यांनी वाढत असेल, तर दोन वर्षांत ती दुप्पट होते. त्या व्याजापुढे वर्षभराची रद्दी म्हणजे दर्या में खसखस. पण यातून काटकसर फोल ठरत नाही. चुकीच्या खात्यात राबतेय एवढंच ठरतं. ट्यूब कापणारी चिकाटी तीच ठेवावी आणि तिची बदली मोठ्या खात्यात करावी. वीजबिलच घ्या. महावितरणच्या घरगुती दरात पहिली १०० युनिटं स्वस्त, १०१व्या युनिटापासून दर जवळजवळ दुप्पट. हे ज्याला एकदा बिलावर बोट ठेवून दाखवलं, तो पुढच्या महिन्यात स्वतः मीटरपाशी जाऊन उभा राहतो. एसीचं तापमान एका अंशाने वाढवलं तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं सरकारचा ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. हेच बायकोने सांगितलं तर टोमणा होतो, ब्युरोने सांगितलं तर माहिती. काटकसरीचा उपदेश शक्यतो तिसऱ्याच्या तोंडून व्हावा. तसंच, भाजीवालीकडून कोथिंबिरीची जुडी फुकट आणणाऱ्या व्यक्तीला विम्याचा हप्ता आणि सोफ्याची किंमत ठरवायला पुढे करावं. घासाघीस हा गुण पाच रुपयांवर वाया घालवण्याइतका स्वस्त नाही.

उरला शेवटचा आक्षेप: ‘एकदाच मिळतं आयुष्य, ते असं मन मारून जगायचं?’ हा आक्षेप घेणारा जोडीदार बरोबर असतो. वाचलेल्या पैशाला नाव नसेल, तर काटकसर ही नुसती शिक्षा होते. ‘बचत कर’ याला कुणी भीक घालत नाही. ‘मे महिन्यात आठ दिवस कोकण’ यासाठी हॉटेलातलं जेवणसुद्धा रद्द होतं. मात्र ते नाव जोडीदाराच्या इच्छेचं हवं, आपल्या मुदत ठेवीचं नव्हे.

तेव्हा जोडीदाराला काटकसर शिकवायला निघालेल्या वाचकांना एकच विनंती. आधी आपलं सगळ्यात उधळं खातं, मग ते पुस्तकांचं असो, मोबाइलचं किंवा पेट्रोलचं, बिनशर्त जोडीदाराच्या हवाली करा. काटकसर कशाला म्हणतात, ते मग तुम्हालाच शिकायला मिळेल.