नवतप्यावर खापर नको

मे सरता सरता सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि दुर्ग-भिलाईपासून नागपूरपर्यंत कडक उन्हाच्या नऊ दिवसांचा नवतपा सुरू होतो. त्याच्याबरोबर दर वर्षीचा एक खुलासाही सुरू होतो: ऊन पूर्वीही होतं, हवामान पूर्वीही बदलायचं, माणूस कोण ते बदलणारा? हा खुलासा सोयीचा आहे आणि चुकीचा आहे. पोलादावर उभ्या असलेल्या भिलाईत तरी तो कोणी देऊ नये.

भिलाईच्या कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला २ फेब्रुवारी १९५५ रोजी. तेव्हा हा मुलूख मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. जेमतेम वर्षभर आधी, मार्च १९५८ मध्ये, चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर हवेतला, उष्णता अडवून ठेवणारा कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला होता. दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग भरले. कारखानदारीच्या आधी हा आकडा २८० च्या आसपास होता. आज तो ४२० च्या वर आहे. आजोबा, मुलगा, नातू अशा तीन पिढ्या भिलाईच्या ‘प्लांट’मध्ये नोकरीला लागल्या, तेवढ्या काळात शंभराहून जास्त भागांची भर पडली.

ही भर माणसाचीच कशावरून? पुरावा कोळशातच आहे. कोरब्याचा दगडी कोळसा म्हणजे पंचवीस कोटी वर्षांहून जुनी झाडं. जिवंत झाडात कार्बन-१४ असतो, पण पन्नास-साठ हजार वर्षांत तो जवळपास संपतो. कोळशात तो उरलेलाच नसतो. असा कोळसा जाळला की हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण घटतं. हान्स सूस यांनी झाडांच्या लाकडात ही घट दाखवली १९५५ साली, भिलाईचा करार झाला त्याच वर्षी. हवेत भर घालणारा कार्बन जमिनीखालून उपसलेला आहे, हे तेव्हापासून ठाऊक आहे.

मग सूर्य? १९७८ पासून उपग्रह सूर्याची ऊर्जा मोजत आहेत. अकरा वर्षांचा नेहमीचा चढउतार सोडला तर तिच्यात वाढ नाही. शिवाय सूर्य जास्त तापला असता तर हवा वरपासून खालपर्यंत तापली असती. प्रत्यक्षात जमिनीलगतची हवा तापते आहे आणि वरचा थर, स्थितांबर, थंड होतो आहे. गोधडी जाड केली की आत ऊब वाढते आणि बाहेरचा पदर गार पडतो, तसं हे आहे.

ज्वालामुखी? माणूस वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्याच्या एक टक्क्याच्या आसपास सगळे ज्वालामुखी मिळून सोडतात.

‘माणूस किती जबाबदार’ याचा हिशेब संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीने ऑगस्ट २०२१ च्या अहवालात मांडला. १८५०-१९०० च्या तुलनेत २०१०-२०१९ या दशकापर्यंत तापमान सुमारे १.०६ अंशांनी वाढलं, आणि माणसामुळे झालेली वाढ सुमारे १.०७ अंश. सूर्य आणि ज्वालामुखी यांचा वाटा शून्याच्या आसपास. म्हणजे जवळजवळ सगळी वाढ माणसाची.

भिलाईत आणखी एक गैरसमज ऐकू येतो: भट्ट्यांच्या धगीने पृथ्वी तापते. धगीने फार तर आसपास उकडतं. भट्टी निवली की ती धग जाते. चिमणीतून गेलेल्या वायूचा मोठा भाग शतकानुशतकं हवेत राहतो. आणि तो निघतो पोलादाच्या रसायनातूनच. दल्ली-राजहराचं खनिज म्हणजे ऑक्सिजनशी बांधलेलं लोखंड. तो ऑक्सिजन ओढून घ्यायला कोकमधला कार्बन लागतो आणि दोघं मिळून कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतात. नंदिनीचा चुनखडक तापला की तोही हाच वायू सोडतो. भारतात टनभर पोलादामागे सरासरी अडीच टन कार्बन डायऑक्साइड निघतो.

‘झाडं लावू, फिटेल’ म्हणणाऱ्यांनी गणित करावं. भिलाईची क्षमता वर्षाला ७० लाख टनांची. अडीचच्या सरासरीने पावणेदोन कोटी टन वायू. एक झाड वर्षाला वीस किलो शोषतं असं धरलं तर ८७ कोटींहून जास्त झाडं लागतील. हेक्टरी हजार लावली तरी जुना अविभाजित दुर्ग जिल्हा, म्हणजे साडेआठ हजार चौरस किलोमीटर, पुरता व्यापेल. ना शेत उरेल, ना गाव. भिलाईच्या सेक्टरांमधली गर्द झाडी मोलाची आहे, ती जपलीच पाहिजे. पण तिच्या आडोशाला चिमणी लपत नाही.

मग दोष भिलाईच्या कामगाराचा? अजिबात नाही. त्याने ओतलेल्या पोलादाच्या रुळांवरून देश प्रवास करतो. एका भारतीयामागे वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो, एका अमेरिकनामागे सुमारे चौदा. आजवर जमलेल्या वायूत अमेरिकेचा वाटा जवळपास चौथाई आहे, आपला चार टक्क्यांच्या आत. श्रीमंत देशांकडे ही थकबाकी ठणकावून मागितलीच पाहिजे. पण ती मागताना स्वतःची खाण खोल करत राहणं परवडणारं नाही, कारण नवतप्यात भाजतो तो आपलाच बांधकाम मजूर.

महाराष्ट्रानेही हात झटकू नयेत. रायगड जिल्ह्याच्या तमनार तालुक्यातला गारे पेल्मा-२ हा कोळसापट्टा २०१५ मध्ये महानिर्मिती या महाराष्ट्राच्या सरकारी वीजकंपनीला मिळाला. कोळसा चंद्रपूर, कोराडी आणि परळीच्या वीजकेंद्रांसाठी. जून २०२५ मध्ये तिथल्या मुडागावात गावकऱ्यांचा विरोध असताना झाडं तोडली गेली. हा रायगड छत्तीसगडचा, पण त्या कोळशावरची वीज महाराष्ट्राची.

‘माणूस जबाबदार’ या वाक्यात सगळेच सामावतात, म्हणून कोणीच सापडत नाही. जबाबदारी अधिकाराच्या मापाने मोजावी. भिलाईचा कारखाना केंद्र सरकारच्या कंपनीचा आहे. रूळ घेणारी रेल्वे सरकारची आहे. टनामागे २.२ टनांपेक्षा कमी वायू सोडणारं पोलाद ते ‘हरित’, ही व्याख्याही डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनेच केली. विकणारा, घेणारा आणि नियम करणारा एकच आहे. अमुक सालापासून हरित पोलादाचेच रूळ घेऊ, असं रेल्वेने जाहीर करावं आणि भट्ट्या बदलायचा पैसा केंद्राने द्यावा. महानिर्मितीने नवी खाण खोदण्याआधी गारे पेल्माच्या ग्रामसभांचं ऐकावं. एवढं करण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आहे, त्यांनी पुढच्या मे महिन्यात नक्षत्राकडे बोट दाखवू नये.