कोंबडी खायला तयार आहे

इंग्रजीत विशेषण आणि क्रियापद यांचं जुळवायला ‘टू’ नावाचा मध्यस्थ लागतो. हॅपी टू सी, रेडी टू गो, अफ्रेड टू आस्क. क्रियापद मूळ रूपात उभं करायचं. काळ, वचन, पुरुष असलं काही विचारायचं नाही. नियम संपला. पण जुळवून दिल्यावर मध्यस्थ जसा दिसेनासा होतो, तसा हा ‘टू’ही होतो आणि करणारा कोण हे मात्र सांगत नाही.

भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी 1960च्या दशकात यावरच बोट ठेवलं. ‘जॉन इज ईगर टू प्लीज’ आणि ‘जॉन इज ईझी टू प्लीज’. वाक्यं दिसायला जुळी, पण पहिला जॉन लोकांना खूश करायला धडपडतोय आणि दुसऱ्याला लोकांनी खूश करायचंय. चॉम्स्कींना एवढ्यासाठी सखोल रचना वगैरे मांडावी लागली. आपल्याकडचा पहिला दिवाळसण त्यांनी पाहिला असता तर काम चटकन झालं असतं. सासूबाई ईगर टू प्लीज आणि जावई ईझी टू प्लीज, असा योग पत्रिकेत क्वचितच असतो.

चॉम्स्कींच्या पत्नी कॅरल चॉम्स्की, त्याही भाषाशास्त्रज्ञ. त्यांचं यावरचं पुस्तक 1969 साली आलं. डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाहुली समोर ठेवून त्या पाच ते दहा वर्षांच्या मुलांना विचारायच्या, की ही बाहुली ‘ईझी टू सी’ आहे की ‘हार्ड टू सी’? बाहुली ढळढळीत समोर होती. तरी लहानांपैकी बरीच म्हणाली, हार्ड! मग सोपं करून दाखव म्हटलं, तर त्यांनी बाहुलीच्या डोळ्यांवरची पट्टी सोडली. शास्त्राच्या दृष्टीनं मुलं चुकली. माझं मत विचाराल तर त्या खोलीत बाहुलीची काळजी फक्त त्यांनाच होती.

मराठीनं फार हसू नये. ‘कोंबडी खायला तयार आहे’ हे वाक्य घ्या. कोंबडी दाण्यांची वाट बघतेय की आपण कोंबडीची, हे स्वयंपाकघरात डोकावल्याशिवाय कळत नाही. इंग्रजीत ‘रेडी टू ईट’ म्हणा, तिथंही तोच घोळ. दोन भाषांचं इतकं एकमत एरवी होत नाही, आणि झालं तेही बिचाऱ्या कोंबडीच्या जिवावर.

शाळेत हा प्रकार ‘रिमूव्ह टू’ या नावानं भेटतो. ‘ही इज टू वीक टू वॉक.’ यातला पहिला टू दोन ओंचा, दुसरा एका ओचा, आणि कानाला दोघे सख्खे भाऊ. काढायचा तो दोन ओंचा, पण तो गेला की एका ओच्यालाही राहवत नाही. त्यांच्या जागी ‘सो’ आणि ‘दॅट’ येतात. तो माणूस माझ्या वडिलांच्या वेळी अशक्त होता, माझ्या वेळी अशक्त होता, आता मुलीच्या वहीतही त्याला चालवत नाही. पिढ्यान् पिढ्या सगळ्यांनी त्याचा ‘टू’ काढला, पण टॉनिक म्हणून कुणी दिलं नाही.

सभ्यपणाचा मक्ताही याच रचनेकडे. दुपारी जेवून जरा आडवं व्हावं तर फोन येतो : ‘सॉरी टू डिस्टर्ब यू, सर.’ व्याकरण चोख! त्रास देऊन झाल्यावर माफी मागायची असेल तर ‘सॉरी फॉर’ शोभतं. ‘सॉरी टू’ म्हणजे त्रास देता देताच मागितलेली. पर्सनल लोनवाल्या मुलीला हा फरक कुणी शिकवला कोण जाणे, पण ती अचूक बोलते.

विशेषणांत ‘बिझी’ मात्र ताठ. त्याला मध्यस्थ चालत नाही; बिझी टू वर्क नाही, बिझी वर्किंग. म्हणून परवा मीही व्याकरणशुद्ध उत्तर दिलं, ‘आय अ‍ॅम बिझी स्लीपिंग.’

‘ओके सर,’ ती म्हणाली, ‘व्हेन विल यू बी फ्री टू टॉक?’