डाव्या चाकाची फिर्याद

डेट्रॉईट, मिशिगन

तीर्थरूप आबा,

गाडीचा आवाज अद्याप येतो किंवा कसे, अशी पृच्छा आपण केली होती. खुलाशास विलंब झाला तो आवाज नेमका कोठून येतो याविषयी घरात एकवाक्यता नसल्यामुळे. सौभाग्यवतीच्या मते तो पुढील डाव्या चाकाचा, चिरंजीवांच्या मते डिकीतील लोणच्याच्या बरणीचा. आणि ज्या फिटरकडे गाडी नेली, त्याने तर ती नीट न पाहताच चारही शॉकॲब्सॉर्बर बाद ठरवून असा आकडा सांगितला की, तेवढ्यात आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात एखादी जुनी लेथ पदरात पडावी.

गाडी 2004 सालची, दुसऱ्याच्या हातून आमच्याकडे आलेली. हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून येथे रस्त्यांवर मीठ पसरतात, आणि या शहराच्या पोटात सुमारे 1200 फुटांवर मिठाची प्रचंड खाणच असल्याने त्या कामी कोणाचा हात आखडत नाही. आपल्याकडे माणूस खाल्ल्या मिठाला जागतो. येथे मीठच गाडी खाते, तेव्हा जागायचे कोणी हा प्रश्नच आहे.

आपण फोनवर फर्माविल्याबरहुकूम मी स्वतःच पंचनामा केला. मडगार्डाचा कोपरा दोन्ही तळव्यांनी जोर देऊन दाबावा आणि सोडावा. निरोगी शॉकॲब्सॉर्बर असेल तर गाडी एकदा वर येऊन स्थिरावते. आमची मात्र, बैठकीत समोरचा काय बोलतो ते न ऐकताच होकार भरणाऱ्या सासरेबुवांप्रमाणे, बराच वेळ डोलत राहिली. खाली वाकून पाहता पुढील दोन्ही नळ्या गळालेल्या तेलाने व त्यावर बसलेल्या धुळीने माखलेल्या, आणि टायरवरून हात फिरवता जागोजाग खळगे लागले. मागील जोडी कोरडी ठणठणीत. म्हणजे फिटरची फिर्याद निम्मी शाबीत झाली.

परंतु टायर कोठेतरी घासल्यासारख्या त्या आवाजाचे कलमही त्याच आरोपीवर लावणे मला न्याय्य वाटेना. गाडीचा भार वाहते ती स्प्रिंग. शॉकॲब्सॉर्बर केवळ बारीक छिद्रांतून तेल ढकलून तिच्या उसळीला आवर घालतो. टायर नुसता खड्ड्यातच घासला असता, तर त्याला सामील धरता आले असते. आमचा टायर वाण्याच्या दुकानासमोर, मुंगीच्या चालीने, स्टिअरिंग पुरते वळविले असतानाही कुरकुरत होता. म्हणून टायरच्या आतील कडेवर खडूने रेघा ओढल्या, चाक शेवटपर्यंत वळवून गाडी थोडी पुढेमागे केली, तो रेघा पुसलेल्या, आणि त्यांच्या समोरचे प्लॅस्टिकचे अस्तर घासून घासून आरशासारखे झालेले. मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डाच्या कडेपर्यंत टेप लावला, तेव्हा डावी बाजू उजवीपेक्षा जवळजवळ इंचभर खाली भरली. बॅटरीच्या उजेडात कारण सापडले: स्प्रिंगचे सर्वांत खालचे वेटोळे गंजून तुटले होते.

येथे तपास संपला असता, परंतु दाराच्या चौकटीवरील चिठ्ठीत टायरचे माप 195/65 आर 15 आणि प्रत्यक्ष टायरवर 215/65, ही तफावत सौभाग्यवतीच्या नजरेतून सुटली नाही. पूर्वीच्या मालकाने रुबाबासाठी 20 मिलिमीटर अधिक रुंद व 26 मिलिमीटर अधिक उंच टायर चढविले, आणि त्या हौसेचे भाडे आमचे डावे चाक भरीत होते.

पुढील दोन्ही स्प्रिंगा, दोन्ही शॉकॲब्सॉर्बर (हा माल जोडीनेच बदलावा, हा आपला दंडक पाळला) आणि चारही टायर योग्य मापाचे घातले. व्हील अलाइनमेंटही करून घेतली. फिटरच्या अंदाजापेक्षा खर्च कमी आला नाही, पण आवाज गेला. लोणच्याची बरणी निर्दोष सुटली.

नवे संकट निराळेच. कोपरा दाबण्याची विद्या चिरंजीवांनी आत्मसात केली असून, मंडळाच्या गणेशोत्सवात त्यांनी बाहेर उभ्या असलेल्या समस्त पाहुण्यांच्या गाड्या क्रमाने दाबून निकाल जाहीर केले. एका डॉक्टरांच्या कोऱ्या गाडीने त्यावर जो आक्रोश मांडला, त्यात आरती बुडाली. आम्ही यंदा दसऱ्यास येत आहो. शाही सोहळ्यात छत्रपतींची मेबॅक मोटार दसरा चौकात येईल, तेव्हा नातवाचे दोन्ही हात आपण आपल्या हातात घट्ट धरून ठेवावेत. त्याने आतापासूनच तिच्या शॉकॲब्सॉर्बरची चौकशी चालविली आहे.

आईस साष्टांग नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
बाळ